डीएनईझी ब्लड अँड टिश्यू किट: पाली, बेडूक आणि खेकड्यांच्या वंशावळीसाठी घ्यावे का?

सह्याद्रीतल्या नव्या पालीचे, बेडकाचे किंवा विंचवाचे वर्णन करणारा अलीकडचा शोधनिबंध उघडला, की 'पद्धती'च्या भागात क्वायजेन कंपनीच्या या किटचे नाव बऱ्याचदा दिसते. प्राण्याच्या ऊतीतून डीएनए वेगळा करणे, एवढेच त्याचे काम. पुढचे पीसीआर (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणे), सिक्वेन्सिंग (त्यातल्या अक्षरांचा क्रम वाचणे), वंशवृक्ष, दोन प्रजाती कधी वेगळ्या झाल्या याचे गणित, हे सगळे या पहिल्या पायरीवर उभे असते. किट स्वस्त नाही. एका नमुन्यामागे काही शे रुपये जातात, आणि प्रयोगशाळेतच बनवलेल्या द्रावणांनी, मीठ आणि अल्कोहोलच्या जुन्या पद्धतीने, तेच काम त्याच्या अगदी थोड्या खर्चात होते. तरीही नमुना चिमुकला असेल आणि पुन्हा मिळण्याची खात्री नसेल, तर हे पैसे वसूल होतात. मांस भरपूर असेल तर होत नाहीत. गोगलगायी, फॉर्मॅलिनमधले जुने नमुने आणि जीनोमचे लांब रीड (संपूर्ण डीएनए लांबलचक तुकड्यांत वाचणे) या तीन कामांसाठी तर ते घेऊच नये.

पुन्हा न मिळणारा नमुना कसा असतो, ते केरळातल्या जांभळ्या बेडकावरून कळते. नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली काढतो आणि पावसाच्या तोंडावर प्रजननासाठी जेमतेम काही दिवस वर येतो. २००३ साली एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोसाउट यांनी त्याचे वर्णन केले. मायटोकॉन्ड्रियातल्या आणि केंद्रकातल्या जनुकांची तुलना केल्यावर त्याचे सर्वांत जवळचे नातलग निघाले ते थेट सेशेल्स बेटांवर. भारत आणि सेशेल्स एकाच भूखंडाचा भाग होते, त्या काळापर्यंत हे नाते मागे जाते. अशा प्राण्याच्या स्नायूचा तुकडा हाताशी असताना डीएनए काढण्याची एक फेरी फुकट गेली, तर पुढची संधी पुढच्या पावसाळ्यात, तीही वन विभागाची परवानगी हातात असेल तरच. किटची किंमत याच्यासमोर ठेवून पाहावी.

खोक्यात काय येते, काय येत नाही

५० नमुन्यांच्या पॅकमध्ये सिलिकाचा पडदा बसवलेले ५० छोटे कॉलम, २ मिलिलिटरच्या कलेक्शन ट्यूब, प्रोटीनेज के या विकराची १.२५ मिलिलिटरची बाटली आणि एटीएल, एएल, एडब्ल्यू१, एडब्ल्यू२, एई असे पाच बफर (तयार द्रावणे) मिळतात. इथेनॉल मिळत नाही. नव्या प्रयोगशाळांचे काम इथेच अडते: किट दारात येते आणि शुद्ध इथेनॉलची कागदपत्रे अजून टेबलावर असतात. एडब्ल्यू१ आणि एडब्ल्यू२ हे दोन्ही धुण्याचे बफर घट्ट स्वरूपात येतात. ५०च्या पॅकमध्ये १९ मिलिलिटर एडब्ल्यू१ मध्ये २५ मिलिलिटर आणि १३ मिलिलिटर एडब्ल्यू२ मध्ये ३० मिलिलिटर इथेनॉल आपण घालायचे असते. ते ९६ ते १०० टक्केच हवे. मेथिलेटेड स्पिरिट किंवा डिनेचर्ड अल्कोहोल चालत नाही. इथेनॉल घातल्याबरोबर बाटलीवर खूण आणि तारीख टाका. दुसऱ्याने तीच बाटली इथेनॉल न घालता वापरली, तर डीएनए धुण्यातच वाहून जातो आणि दोष बिचाऱ्या नमुन्याला लागतो.

आरएनए काढून टाकणारा आरएनेज ए सुद्धा वेगळा विकत घ्यावा लागतो. साध्या पीसीआरसाठी तो नसला तरी चालते. जीनोमभर तुकडे मिळवणाऱ्या पद्धतींसाठी मात्र तो हवाच, नाहीतर मोजणीत आरएनए डीएनए म्हणून मिरवतो.

साठवणीबद्दल माहितीपुस्तिका 'खोलीचे तापमान' म्हणते, पण तिची खोली १५ ते २५ अंश सेल्सिअसची आहे. विदर्भातल्या मे महिन्याचा तिने विचार केलेला नाही. कॉलम वातानुकूलित खोलीत आणि प्रोटीनेज के २ ते ८ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवलेले बरे. उलट, थंडीत किंवा जोरात चालणाऱ्या एसीखाली एटीएल आणि एएल मध्ये पांढरा साका धरतो. बफर खराब झालेला नसतो. बाटली ५६ अंशांच्या पाण्यात ठेवून साका पूर्ण विरघळवा आणि मगच पिपेट लावा.

खरी कसोटी जंगलात

किट नापास झाले, असे ज्या प्रकरणांत म्हटले जाते, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी डीएनए कुपीतच तुटलेला असतो. ऊती प्राणी फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी काढायची: यकृताचा, मांडीच्या स्नायूचा किंवा पालीच्या शेपटीच्या टोकाचा तुकडा. ऊतीच्या निदान पाच ते दहा पट इथेनॉल हवे आणि पहिल्या दिवसानंतर ते एकदा बदलायला हवे, कारण ऊतीतले पाणी उतरून ते पातळ होते. तुकडा मोठा असेल तर चिरून टाका. आत इथेनॉल पोचायला उशीर झाला, की बाहेरून पांढरट कडक आणि आतून कुजलेला तुकडा हाती येतो. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहून कुपीच्या आत घाला. मार्करची शाई इथेनॉलने पुसली जाते, आणि नाव नसलेल्या ऊतीचा उत्क्रांतीच्या अभ्यासाला शून्य उपयोग.

पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर काय बिघडते

ऊती जास्तीत जास्त २५ मिलिग्रॅम घ्यायची, प्लीहा असेल तर १०. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा म्हणजे साधारण तेवढेच वजन. जास्त घातली तर जास्त डीएनए मिळेल, हा हिशेब इथे उलटा पडतो: द्रावण चिकट होते, पडदा तुंबतो, धुणे नीट होत नाही आणि शेवटी हाती कमीच लागते.

इथेनॉलमधून काढलेला तुकडा आधी स्वच्छ टिश्यू पेपरवर टिपून काही मिनिटे सुकू द्या. उरलेले इथेनॉल प्रोटीनेज केला काम करू देत नाही. ही पायरी पुस्तिकेतून पटकन नजरेआड होते, आणि अर्धवट विरघळलेल्या ऊतीचे सर्वांत सामान्य कारण हेच असते. मग नव्या ब्लेडने तुकडा अगदी बारीक चिरा. दर नमुन्याला नवे ब्लेड घ्या. चिमटा धुऊन ज्योतीवर धरा.

१.५ मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये १८० मायक्रोलिटर एटीएल आणि २० मायक्रोलिटर प्रोटीनेज के घालून ५६ अंशांवर ठेवायचे, मधून मधून व्होर्टेक्स करायचे, म्हणजे यंत्रावर ट्यूब जोरात हलवायची. यकृत आणि कोवळे स्नायू एक ते तीन तासांत विरघळतात. पालीची शेपटी, बेडकाचे बोट, विंचवाचा किंवा खेकड्याचा पाय यांना रात्रभर द्या, त्याने नुकसान काही होत नाही. हाडाचे किंवा कवचाचे तुकडे तळाशी राहणारच. ते कॉलममध्ये जाऊ देऊ नका, वरचे द्रावण नव्या ट्यूबमध्ये घ्या. आरएनेज वापरायचा असेल तर याच टप्प्यावर, १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर तीव्रतेचा ४ मायक्रोलिटर, आणि दोन मिनिटे थांबा.

आता १५ सेकंद व्होर्टेक्स, २०० मायक्रोलिटर एएल, पुन्हा व्होर्टेक्स, मग २०० मायक्रोलिटर इथेनॉल आणि लगेच व्होर्टेक्स. एएल मधले ग्वानिडीन आणि हे इथेनॉल मिळून डीएनए सिलिकाला चिकटेल अशी स्थिती तयार करतात. मिसळणे कमी पडले की ट्यूबमध्ये थर दिसतात आणि डीएनएचा मोठा भाग न चिकटता खाली उतरतो. पांढरे तंतू दिसले तर घाबरू नका, तेही द्रावणाबरोबर कॉलमवर घ्या. नमुने बरेच असतील तर एएल आणि इथेनॉल आधीच एकत्र करून एकाच वेळी घालता येते, वेळ वाचतो.

सगळे द्रावण कॉलमवर ओतून सेंट्रिफ्यूजमध्ये ६,००० जी वर (गुरुत्वाच्या ६,००० पट जोराने) १ मिनिट फिरवा. बहुतेक छोट्या सेंट्रिफ्यूजमध्ये हे ८,००० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ८,००० फेरे, होते. मग ५०० मायक्रोलिटर एडब्ल्यू१, तेवढाच वेग, तेवढाच वेळ. त्यानंतर ५०० मायक्रोलिटर एडब्ल्यू२ आणि २०,००० जी वर, म्हणजे १४,००० आरपीएमला, ३ मिनिटे. या तीन मिनिटांत कंजुषी करू नये. पडद्यात इथेनॉल उरले की पुढचा पीसीआर बसतो आणि जेलच्या खाचेत नमुना तळाला न जाता वर तरंगून बाहेर पडतो. कॉलम उचलताना त्याची खालची नळी कलेक्शन ट्यूबमधल्या द्रवाला टेकली, तर नव्या ट्यूबमध्ये ठेवून आणखी एक मिनिट फिरवा. महाविद्यालयांतली अनेक सेंट्रिफ्यूज एवढ्या वेगाला जात नाहीत. तिथे वेळ वाढवा आणि नंतर झाकण उघडे ठेवून कॉलम सुकू द्या.

शेवटी एई बफर थेट पडद्याच्या मधोमध सोडा, १ मिनिट थांबा, १ मिनिट फिरवा. पुस्तिका २०० मायक्रोलिटर म्हणते. छोट्या नमुन्याला १०० घ्या: एकूण डीएनए थोडा कमी निघतो, पण तीव्रता वाढते. यकृतासारख्या श्रीमंत ऊतीचा कॉलम दुसऱ्यांदा नव्या ट्यूबमध्ये धुऊन घ्या, बरेच काही उरलेले असते. दोन्ही वेळचे द्रावण एकाच १.५ मिलिलिटर ट्यूबमध्ये साठवू नका, पातळी कॉलमला टेकते. एई ऐवजी साधे डिस्टिल्ड पाणी वापरण्याची सवय वाईट. एई चा पीएच ९ आहे आणि त्यात थोडे ईडीटीए (डीएनए तोडणाऱ्या विकरांना रोखणारे द्रव्य) आहे, त्यामुळे डीएनए वर्षानुवर्षे टिकतो. पाणी बहुधा आम्लधर्मी असते, डीएनए सुटतोही कमी आणि टिकतोही कमी.

एक इशारा ठळकपणे द्यायला हवा. एएल आणि एडब्ल्यू१ यांच्या सांडपाण्यात ब्लीच कधीही ओतू नका. ग्वानिडीन आणि ब्लीच यांच्यातून घातक संयुगे तयार होतात. टेबल ब्लीचने पुसण्याची चांगली सवय असलेल्यांकडूनच हे अनवधानाने घडते.

कोणत्या प्राण्याला कसे लागू पडते

पाली, सरडे आणि साप यांच्यासाठी हे किट उत्तम आहे. शेपटीचे टोक किंवा यकृताचा कण पुरतो. बेडकांत स्नायू किंवा यकृत घ्या, गडद त्वचा टाळा. त्वचेतले मेलॅनिन डीएनएबरोबर उतरते आणि पीसीआर अडवते. अंतिम द्रावण तपकिरी दिसले की हीच शंका घ्यावी. देवगांडुळांतही (पाय नसलेले उभयचर) त्वचेऐवजी यकृत बरे.

रक्त वापरताना पक्षी, मासे, सरपटणारे प्राणी आणि बेडूक यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असते हे विसरू नका. ५ ते १० मायक्रोलिटर रक्त पुष्कळ झाले, सस्तन प्राण्यांसाठी ५० ते १०० लागते. पक्ष्यांच्या रक्तात आणखी एक अडचण आहे. केंद्रकीय डीएनए खूप आणि मायटोकॉन्ड्रिया थोडे, त्यामुळे मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकाची केंद्रकात जाऊन बसलेली जुनी नक्कल पीसीआरमध्ये पुढे येऊ शकते. मायटोकॉन्ड्रियाचा वंशवृक्ष हवा असेल तर स्नायू निवडा.

खेकडे, विंचू, गोम यांच्या पायातला स्नायू कवचातून बाहेर काढून घ्या. छोट्या भुंग्यांसाठी आणि मुंग्यांसाठी या किटचा एक उपयोग फार मोलाचा आहे: अख्खा कीटक न चिरडता एटीएल आणि प्रोटीनेज के मध्ये रात्रभर बुडवून ठेवायचा, द्रावण डीएनएसाठी घ्यायचे, आणि कीटक इथेनॉलमध्ये धुऊन पुन्हा टाचणीवर लावायचा. बाह्यकवच शाबूत राहते, म्हणजे ज्या प्राण्याचे जनुक वाचले, तोच प्राणी पुढच्या संशोधकाला डोळ्यांनी पाहता येतो. प्रजातींच्या सीमा तपासणाऱ्यांसाठी याहून चांगली सोय नाही.

गोगलगायी आणि शिंपल्यांपाशी किट हात टेकते. त्यांच्या चिकट स्रावातली बहुशर्करा डीएनएबरोबर पडद्यावर बसते, शेवटी उतरलेले द्रावण तारेसारखे ओढले जाते आणि पीसीआर रिकामा येतो. तिथे सीटीएबी (बहुशर्करा वेगळी काढायला मदत करणारे रसायन) आणि क्लोरोफॉर्मची पद्धत किंवा मृदुकाय प्राण्यांसाठीचे खास किट वापरा.

फॉर्मॅलिनमधल्या नमुन्यांत डीएनए प्रथिनांना जखडलेला आणि तुटलेला असतो. संग्रहालयातल्या पक्ष्यांच्या सुक्या कातड्यांत तो जखडलेला नसला, तरी बारीक तुकड्यांत मोडलेला असतो. पायाच्या तळव्याची खपली घेऊन, केराटिन तोडण्यासाठी डीटीटी घालून काही मिळवता येते, पण त्यासाठी जिथे पीसीआर कधीच झालेला नाही अशी वेगळी खोली लागते. तुटक डीएनएसाठी बनवलेली दुसरी किट या कामाला बरी.

हाती आले ते कसे तपासावे

०.८ टक्के अ‍ॅगरोज जेलवर ५ मायक्रोलिटर चालवा. वरच्या बाजूला घट्ट पट्टा म्हणजे डीएनए धडधाकट, खालपर्यंत ओघळ म्हणजे कुपीतच तुटला. किटचे तुकडे जास्तीत जास्त ५० किलोबेसपर्यंत (किलोबेस म्हणजे डीएनएची हजार अक्षरे, म्हणजे बेस) आणि बहुतेक २० ते ३० किलोबेसचे असतात. बारकोडसाठी (प्रजाती ओळखायचा छोटा तुकडा), एक्सॉन (जनुकांतले प्रथिनांचे भाग) पकडण्यासाठी, छोट्या रीडच्या जीनोमसाठी हे भरपूर आहे. लांब रीडच्या जीनोमला मात्र पुरत नाही, कारण पडद्यातून जाताना आणि व्होर्टेक्समध्येच डीएनए तुटतो. नॅनोड्रॉपवर (प्रकाशाच्या शोषणावरून मोजणारे यंत्र) शुद्धता दाखवणारे २६०/२८० चे गुणोत्तर १.७ ते १.९ हवे. तीव्रतेसाठी नॅनोड्रॉपवर विसंबू नका, फक्त डीएनएला चिकटणाऱ्या रंगाने मोजणारे क्युबिट यंत्र वापरा.

पीसीआरला १ मायक्रोलिटर पुरतो. मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकांपैकी बेडकांसाठी १६एस चा सुमारे साडेपाचशे बेसचा तुकडा, पालींसाठी एनडी२, कीटक आणि खेकड्यांसाठी फोल्मर यांच्या प्रायमर (कोणता तुकडा वाढवायचा ते ठरवणारे छोटे डीएनए) जोडीने सीओआय चा ६५८ बेसचा तुकडा, हे रुळलेले मार्ग. पट्टा आला नाही तर आधी डीएनए दहापट पातळ करून पाहा. अडथळा आणणारी द्रव्ये पातळ झाली की पुष्कळदा पट्टा उमटतो, आणि नमुना पुन्हा कापावा लागत नाही.

दर फेरीत एक ट्यूब ऊतीशिवाय चालवा. हा एक कॉलम वाया घालवायला लोक कचरतात, आणि नेमके तेच महागात पडते. १६एस चे सर्वसाधारण प्रायमर माणसाचा डीएनएही वाढवतात. पालीच्या नावाची ट्यूब ब्लास्टमध्ये (ज्ञात जनुकांच्या संग्रहाशी तुलना करणाऱ्या शोधात) माणूस म्हणून परत येऊ शकते. कीटकांत याच सीओआय प्रायमरनी कधी कधी वोल्बाकिया हा जिवाणू वाढतो. पोटाजवळचा तुकडा घेतला तर भक्ष्याचा डीएनए येतो. यातली एक चूक निसटली तरी वंशवृक्षावर खोटी फांदी उगवते, आणि एखादी प्रजाती तिथे नसलेल्या नात्याने जोडली जाते. याच कारणासाठी वापरलेले कॉलम आम्लाने धुऊन पुन्हा वापरण्याचा सल्ला आम्ही कधीच देणार नाही.

घ्यायचे तर किती

एम.एस्सी.च्या एका प्रकल्पाला ५०चा पॅक पुरतो. २५०च्या पॅकमध्ये दर नमुना स्वस्त पडतो, पण कॉलमची मुदत साधारण वर्षभराचीच धरावी. म्हणून दोन-तीन प्रयोगशाळांनी मिळून घेतला तरच तो परवडतो. ९६ खाचांच्या प्लेटची आवृत्तीही आहे, मात्र तिला जड प्लेट जोरात फिरवणारे खास सेंट्रिफ्यूज लागते, ते आधी आहे का पाहा. विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकाला बाजारातला मासा किंवा कोंबडीचे यकृत असते. तिथे एसडीएस (साबणासारखे द्रव्य), प्रोटीनेज के, मीठ आणि आयसोप्रोपॅनॉल यांची पद्धतच शिकवा. डीएनएचे पांढरे धागे ट्यूबमध्ये डोळ्यांना दिसतात, जे कॉलममध्ये कधीच दिसत नाहीत. किट राखून ठेवा वन विभागाच्या परवानगीने आलेल्या त्या एका तुकड्यासाठी, आणि त्यातलाही अर्धा तुकडा न वापरता, नमुन्याच्या त्याच संग्रह क्रमांकासह, उणे ८० अंशांवर परत ठेवा.